टिपकागदावरची जास्वंद

बँकेतली अडतीस वर्षं मी माणसांचे अंगठे पाहण्यात घालवली, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नव्हे. १९८१ साली मी नोकरीला लागलो आणि पहिलीच नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका आडगावच्या शाखेत झाली. पीककर्जाच्या दिवसांत टेबलाभोवती गर्दी व्हायची. शाईच्या पॅडवर अंगठा दाबायचा, कागदावर टेकवायचा, बाजूला ‘निशाणी डावा अंगठा’ असं लिहायचं आणि खाली मी सही करायची : माझ्यासमोर उठवला. अंगठा उठवून झाला की माणूस तो डोक्याच्या केसांना पुसायचा. ही खास आपल्याकडची रीत. त्या काळी आमचे एक वयस्क मॅनेजर होते. ते म्हणायचे, “लेका, सहीवर फार भरवसा ठेवू नकोस. सही माणसाच्या मूडप्रमाणे बदलते. अंगठा मात्र मरेपर्यंत बदलत नाही.”

मी ते वाक्य गाठीला बांधून ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या एका सकाळी ती गाठ सुटली.

आमच्या घरी धुण्याभांड्याला एक मावशी येतात. त्या माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. तरी मी त्यांना मावशी म्हणतो आणि त्या मला काका म्हणतात. या नात्याचा हिशेब कुठल्याच पंचांगात बसायचा नाही. पण बारा वर्षं तो बिनबोभाट चालला आहे. त्या दिवशी त्या तासभर उशिरा आल्या, त्याही रिकामी पिशवी हातात घेऊन. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा लावायचा असतो. तीन वेळा लावला, तिन्ही वेळा यंत्रानं नाकारला. मागे रांग होती. दुकानदार म्हणाला, नंतर या.

“काका, मशीन म्हणतंय, ही मी न्हाईच,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी तळहात माझ्यापुढे धरला.

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी तो हात पहिल्यांदा पाहिला. बारा वर्षं त्या हातानं माझ्या घरची भांडी घासली, माझे सदरे धुतले. मी हात पाहिला नव्हता. बोटांच्या पेरांवरची कातडी पांढुरकी, सुरकुतलेली. सांध्यांवर भेगा, दोन भेगांतून लाल रेषा दिसत होत्या. अंगठ्याची उशी गुळगुळीत, पाट्यावर वर्षानुवर्षं वाटून झिजलेल्या वरवंट्यासारखी. त्यावर रेघा अशा जवळजवळ नव्हत्याच. ज्या अंगठ्याची मी आयुष्यभर ग्वाही दिली, तो माझ्याच घरच्या मोरीत झिजत होता. १८५८ साली विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं बंगालमध्ये एका कंत्राटदाराच्या तळहाताचा ठसा करारनाम्यावर घेतला, तिथून ठशांच्या सरकारी वापराची गोष्ट सुरू होते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. या दीडशे वर्षांत ठसा पुसला जातो कशानं, याचा विचार माझ्यासारख्या ठसे घेणाऱ्यानं तरी केला नव्हता.

त्वचेच्या डॉक्टरांकडे मी मावशींना घेऊन गेलो. हाताचा इसब, म्हणाले. मलम दिलं, हातमोजे सांगितले आणि वर म्हणाले, “पावडर आणि ॲसिडपासून हात लांब ठेवा.” मावशींनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात तक्रार नव्हती, नुसती चौकशी होती. पावडर आणतं कोण? महिन्याच्या वाण्याच्या यादीत ती लिहितं कोण? यादी मी लिहितो. निवृत्तीनंतर माझ्याकडे आलेलं ते एकमेव जबाबदारीचं काम.

घरी आल्यावर मी भांडी घासायच्या सिंकखालचं कपाट उघडलं आणि शाखेच्या तपासणीला बसावं तसा मांडी घालून बसलो. कपड्यांची पावडर, भांड्यांची वडी, फरशीचं सुगंधी पाणी, काचेचं निळं पाणी, फिनेल, ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं ॲसिड. दोन माणसांच्या घरात सात जिन्नस! माझ्या लहानपणी, वाईला, आमच्या आठ माणसांच्या घरात मोरीच्या कोनाड्यात किती होते? चुलीतली राख, नारळाची शेंडी, पितळ-तांब्यासाठी चिंचेचा कोळ, डोक्याला शिकेकाई, रेशमी आणि लोकरी कपड्यांना रिठे. धुण्याला साबणाची एक वडी, तीही आईच्या ताब्यात. निर्माल्य कृष्णेत न जाता परसातल्या पारिजातकाच्या आळ्यात जायचं, कारण घाट उतरून जायला आईला सवड नसे.

मग १९६९ साल आलं. मी दहा वर्षांचा होतो. त्या साली दोन गोष्टी घडल्या आणि दोन्ही पुढे माझ्या आयुष्याला चिकटल्या. जुलैत इंदिरा गांधींनी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं. आणि अहमदाबादेत करसनभाई पटेल नावाच्या गृहस्थांनी सायकलवरून पिवळी पावडर विकायला सुरुवात केली, तिचं नाव निरमा. सर्फ त्याआधी दहा वर्षं आलं होतं, पण ते आमच्यासारख्यांच्या घरात येत नव्हतं. स्वस्त पावडर आली आणि मध्यमवर्गाची मोरी बदलली. आईला त्या पावडरीचं केवढं कौतुक! फेस पाहून ती हरखली होती. तेव्हा आज कुणी ‘जुनं ते सोनं’ म्हणू लागलं की मला आईचा तो चेहरा आठवतो आणि मी जरा सावध होतो.

सावध होऊन मी एक प्रयोग केला. साधाच आहे, घरात जास्वंद आणि शाळकरी नातवंडं असली तर अवश्य करून पाहावा. आमचा फ्लॅट तळमजल्यावर आहे. मागे दहा फुटांची मातीची पट्टी आहे, तिला आम्ही बाग म्हणतो. तिथे लाल जास्वंद, गोकर्ण, तगर, मोगरा आणि दसऱ्याच्या सुमाराला झेंडू असतो. जास्वंदीशी माझी ओळख जुनी. त्या आडगावच्या शाखेत तपासनीस यायचे होते आणि गावात बुटाचं पॉलिश मिळेना, तेव्हा घरमालकीणबाईंनी परसातली दोन लाल फुलं खुडून माझ्या काळ्या बुटांवर चोळून दिली होती. बूट असे चकाकले की तपासनीसांनी ते वाखाणले. इंग्रजीत या फुलाला ‘शू-फ्लॉवर’ म्हणतात हे मला फार उशिरा कळलं.

तर प्रयोग असा. जास्वंदीच्या पाच-सहा फुलांच्या पाकळ्या कपभर गरम पाण्यात घालून चुरडल्या. पाणी गर्द जांभळं झालं. बँकेतून निरोपादाखल आणलेल्या जुन्या टिपकागदांचा गठ्ठा माझ्याकडे पडून होता. शाईचे दिवस संपल्यावर त्याला कुणी वाली नव्हता. त्याच्या पट्ट्या कापून त्या पाण्यात बुडवल्या आणि सावलीत वाळवल्या. झाली कसोटी तयार. या फुलाच्या रंगाचा स्वभाव असा, की आंबट म्हणजे आम्ल पदार्थ लागला की तो लालगुलाबी होतो आणि सोडा-राखेसारखा अल्कधर्मी पदार्थ लागला की हिरवा. गोकर्णीच्या निळ्या फुलांचंही असंच. लिंबू पिळलं की ती जांभळी-गुलाबी होतात.

मी, पत्नी आणि मावशी असे तिघे ओट्याशी उभे राहिलो. लिंबाच्या थेंबानं पट्टी गुलाबी, चिंचेनं गुलाबी. कपड्यांच्या पावडरीचं पाणी लावलं, पट्टी हिरवीगार. भांड्यांची वडी : हिरवी. संडासाचं ॲसिड लावलं तेव्हा पट्टी भडक लाल झाली. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ब्लीचिंग पावडरीनं तर कमालच केली. रंग बदलला नाही, रंग नाहीसाच झाला; जांभळ्या पट्टीवर पांढरं भोक पडल्यासारखं दिसलं. मावशी म्हणाल्या, “माझ्या अंगठ्याचं ह्येच झालं बगा.”

शास्त्र म्हणून त्यांचं विधान तंतोतंत नसेल, पण फार चुकीचंही नाही. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि तिच्यावर तेलाचा एक पातळ थर असतो. पावडरीतला सोडा आणि फेस करणारा घटक ताटाचं तूप काढतात, तसंच हाताचंही काढतात. त्यांना ताट आणि हात यांतला फरक समजत नाही. एका घरी अर्धा तास हात बुडाला तर त्वचा रात्रीत सावरते. पाच घरी रोज बुडाला तर सावरायला वेळच मिळत नाही. त्यावर तारेच्या घासणीनं उरलंसुरलं काम करायचं.

आता खरी गंमत सांगतो. मागच्या बिल्डिंगच्या वॉचमननं पेटवलेल्या शेकोटीतली लाकडाची राख मी आणली होती. मला आईच्या राखेची बाजू जिंकून द्यायची होती. ती पाण्यात कालवून पट्टीवर लावली. पट्टी हिरवी! अगदी पावडरीसारखी हिरवी. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं; तेच तर तेलकटपणा काढतं. आणि मला एकदम आईचे हात आठवले. थंडीच्या दिवसांत रात्री ती आमसुलाचं तेल वितळवून बोटांच्या भेगांत भरायची. आम्हाला तो वास आवडायचा. भेगा आम्ही पाहिल्या नव्हत्या. म्हणजे हात न पाहण्याची माझी सवय बारा वर्षांची नव्हती, साठ वर्षांची होती.

तेव्हापासून ‘नैसर्गिक’ या शब्दाची मोहिनी माझ्यापुरती उतरली. एखादी वस्तू झाडाची की कारखान्याची, हे विचारायच्या आधी ती कुणाच्या हाताला लागणार आणि मग कुठे जाणार, हे विचारलं पाहिजे. या दोन प्रश्नांना उतरेल ते ठेवायचं, असं आम्ही ठरवलं.

पहिल्यांदा उतरला तो रिठा. टिपकागदावर त्याच्या पाण्यानं जांभळा रंग जेमतेम तांबूस झाला, म्हणजे तो त्वचेच्या स्वभावाला जवळचा. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं, तोच त्याचा फेस. लिनियसनं या झाडाला ‘सॅपिन्डस’ म्हणजे ‘हिंदुस्थानी साबण’ अशा अर्थाचं नाव दिलं, ते उगीच नव्हे. सराफ दागिने उजळायला आणि जुन्या बायका पैठण्या-शाली धुवायला रिठेच वापरत. आमची कृती अशी : पंधरा रिठे फोडून बिया काढून टाकायच्या, साली लिटरभर पाण्यात रात्री भिजत घालायच्या, सकाळी पंधरा-वीस मिनिटं उकळायच्या आणि निवल्यावर कुस्करून फडक्यातून गाळायच्या. हे पाणी फार पातळ असतं, घासणीवर ठरत नाही. मग त्यात जास्वंदीची मूठभर पानं चुरडून घालू लागलो. त्यांचा बुळबुळीत चीक मिसळला की पाण्याला दाटपणा येतो. फुलं मात्र यात घालायची नाहीत, रंग चढतो.

दोष? आहेत. हे पाणी दोन-तीन दिवसांत आंबूस होतं. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. पांढऱ्या कपड्यांवर पिवळट झाक येते, म्हणून माझे सदरे पुन्हा पावडरीकडे गेले, तेही मोजून निम्म्या मापानं. डोळ्यांत उडालं तर भयंकर झोंबतं. भज्यांच्या कढईपुढे रिठा हात टेकतो. तिथे आधी डाळीच्या पिठानं किंवा जुन्या वर्तमानपत्रानं तेल टिपून घ्यावं लागतं आणि मग गरम पाणी. (जुनं वर्तमानपत्र म्हटलं; आजची पुरवणी वाचून झाल्यावर तिचीही सोय झाली.)

दुसरा प्रयोग निर्माल्याचा, आणि तो पत्नीचा. आमच्या देवघरातली फुलं आणि दसऱ्याचं झेंडूचं तोरण यांचं करायचं काय, हा तिचा जुना प्रश्न. थायलंडमधून प्रसिद्धी पावलेली एक रीत आता आपल्याकडेही घरोघर पोचली आहे : एक भाग गूळ, तीन भाग फळांच्या साली किंवा फुलं आणि दहा भाग पाणी. आम्ही झेंडूच्या पाकळ्या, तगर आणि मोसंबी-लिंबाच्या साली घेतल्या. प्लॅस्टिकच्या बरणीचा पाचवा हिस्सा रिकामा ठेवायचा, कारण आत वायू होतो. महिनाभर रोज एकदा झाकण सैल करायचं. तीन महिन्यांनी गाळायचं. आधी गुळाचं मद्य होतं आणि मग मद्याचा शिरका. यालाच ‘बायो-एन्झाइम’ असं भारदस्त नाव आहे, पण फरशी पुसताना मुख्य काम करतो तो आंबटपणाच. बादलीला अर्धी वाटी पुरते. नळांवरचे पांढरे क्षारांचे डाग यानं छान निघतात.

मी पहिल्या आठवड्यात दोन दिवस झाकण सैल करायला विसरलो. तिसऱ्या रात्री स्वयंपाकघरात बंदुकीसारखा आवाज झाला आणि झेंडूच्या पाकळ्या छताला चिकटल्या. पत्नी एवढंच म्हणाली, “अहो, खातं उघडलंत की रोज बघायला नको का?”

त्याहून गंभीर चूक मी करणार होतो. बरणीत टाकायला म्हणून मी शेजारच्या कुंपणावरची पिवळी घंटेसारखी फुलंही ओंजळभर आणली. पत्नीनं हात धरला. “ही बिट्टी आहे. विषारी असते.” ती बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर. लाल-पांढरी कण्हेरही विषारी, महादेवाला वाहतात तो धोतरा विषारी, मारुतीच्या रुईचा चीक डोळ्यांना घातक. म्हणजे आपल्या निर्माल्यात विष सर्रास असतं. ही फुलं वेगळी काढून झाडाच्या मुळाशीच पुरावीत, बरणीत नकोत. बाजारातली फुलंही शक्यतो नकोत. फवारणी कशाची झाली हे आपल्याला ठाऊक नसतं.

आणि एक चूक मी केलीच. उत्साहाच्या भरात बरणीतलं पाणी तसंच, न मिसळता, कडप्प्याच्या ओट्यावर ओतलं आणि सकाळी पुसू म्हणून झोपलो. सकाळी काळ्याभोर ओट्यावर परातीएवढा पांढुरका, खरबरीत डाग. कडप्पा काय, शहाबादी काय, जात चुनखडीची. आंबट लागलं की चुना विरघळणारच. संगमरवर आणि मोझॅकच्या फरश्यांनाही हाच नियम. तो डाग अजून आहे. पाहुणे विचारतात तेव्हा पत्नी माझ्याकडे बोट दाखवते.

सल्ले देणारे आणखी एक सांगतात : शिरका आणि खाण्याचा सोडा एकत्र करा, फसफसून घाण निघते. मी टिपकागद लावून पाहिला. शिरक्यानं पट्टी गुलाबी, सोड्यानं हिरवट आणि दोन्ही प्रमाणात मिसळून फसफस संपली की पट्टी जवळजवळ जशीच्या तशी. बँकेत याला आम्ही कॉन्ट्रा एंट्री म्हणायचो. इकडून गेले, तिकडून आले, शिल्लक तीच. वेगवेगळे वापरले तर दोघेही कामाचे. एकत्र केले की उरतो तो देखावा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. फुलांच्या पाण्यानं घाण निघते. रोगजंतू खात्रीनं मरतात असं नाही. घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील, कुणी इस्पितळातून आलं असेल, तर तिथे भाबडी भक्ती नको. ब्लीचिंगचं पाणी सांगितलेल्या मापानं, खिडक्या उघड्या ठेवून आणि हातमोजे घालून वापरावं. ते ॲसिडमध्ये, किंवा आमच्या या आंबट पाण्यातही, कधी मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो जीव घेऊ शकतो. आमच्या कपाटात ब्लीचिंग पावडर अजून आहे, पण वरच्या फळीवर, एकटी. आणि २०२० साली कोरोनाच्या विषाणूचं तेलकट आवरण फोडून आपल्याला वाचवलं ते साध्या साबणानंच, हे विसरणं कृतघ्नपणाचं होईल.

आता दुसरा प्रश्न : मग हे सगळं जातं कुठे?

बँकेत एक सस्पेन्स खातं असतं. ज्या रकमेची जागा सापडत नाही ती तात्पुरती तिथे टाकायची. आळशी शाखाधिकाऱ्याला हे खातं फार प्रिय. टेबल स्वच्छ दिसतं, ताळेबंद जुळतो. पण रक्कम नाहीशी झालेली नसते. कधीतरी तपासनीस येतो आणि जुनी नोंद वर काढतो. आपल्या मोरीचं भोक हे असंच सस्पेन्स खातं आहे. गेल्या काही वर्षांत आळंदीला इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे डोंगर तरंगताना आपण छायाचित्रांत पाहिले. मी ते घाटावर उभा राहून पाहिले. लहानपणी आईचं बोट धरून जिथे स्नान केलं, तिथे वारकरी हातानं फेस बाजूला सारून बुडी मारत होते. कारखान्यांचं आणि वाढत्या शहरांचं, शुद्ध न केलेलं सांडपाणी नदीत येतं, त्याची ही जुनी नोंद वर आलेली.

न्यायानं बोलायचं तर सगळा दोष पावडरीच्या माथी मारता येत नाही. १९५० नंतरच्या दशकात युरोप-अमेरिकेतल्या नद्याही अशाच फेसाळल्या होत्या. तिथे १९६०च्या दशकाच्या मध्याला फेस करणाऱ्या घटकाची घडण बदलली आणि जंतूंना त्याचं विघटन करता येऊ लागलं. आज आपण वापरतो ती पावडर बहुतेक त्याच सुधारलेल्या जातीची. पण जंतूंना काम करायला शुद्धीकरण केंद्र लागतं, हवा लागते, वेळ लागतो. सांडपाणी थेट नदीत सोडलं तर सुधारलेली पावडर तरी काय करील? आणि रिठा साधुसंत आहे असंही समजू नये. त्याचं पाणी माशांना बाधतं. काही ठिकाणी मासे गुंगवून पकडायला ते वापरत आले आहेत. म्हणून आमचं रिठ्याचं पाणी आम्ही मोरीत न सोडता बादलीत धरतो आणि जास्वंदीला घालतो. ती अजून रागावलेली नाही.

एका घराच्या बादलीनं इंद्रायणीचा फेस विरणार नाही, हे मला कळतं. ते काम नगरपालिकांचं, महामंडळांचं, कारखान्यांचं. आणि ते आपण त्यांच्याकडे मागत राहिलं पाहिजे. बादलीचा उपयोग एवढाच, की मागणाऱ्याला स्वतःच्या खात्यातली नोंद ठाऊक असते.

पण या सगळ्या उद्योगात एक फसगत दडलेली असते, ती मला मावशींनीच दाखवली. पहिल्या आठवड्यात मी मोठ्या अभिमानानं रिठ्यांचं पुडकं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “आन् ह्ये भिजवायचं, फोडायचं, उकळायचं कुनी? मी? पगार वाढिवनार का?”

मी गप्प बसलो. निसर्गाकडे परत चला, असं सांगणारे लेख मी आजवर पुष्कळ वाचले. त्यातले बरेचसे माझ्यासारख्या पुरुषांनीच लिहिलेले. परत चालायचं मात्र असतं घरातल्या बाईनं, नाहीतर तिनं नेमलेल्या बाईनं. पावडरीचा फेस पाहून माझी आई का हरखली होती, ते मला त्या क्षणी समजलं. तिच्या दिवसातला तासभर त्या पिवळ्या पावडरीनं परत दिला होता. तो तास काढून घेऊन पुन्हा रिठ्याला द्यायचा, आणि देणाऱ्यानं वर्तमानपत्र वाचत बसायचं, याला पर्यावरण म्हणत नाहीत.

तेव्हा नवा करार झाला. रिठे मी भिजवतो, मीच उकळतो. बरणीचं झाकण मी सैल करतो. संडास मी घासतो. वयाच्या साठीनंतर मला कळलं की रोज ब्रश फिरवला तर आठवड्याला ॲसिड लागत नाही. रात्रीची भांडी मी विसळून ठेवतो. माझ्या हातालाही आता थोडा खरखरीतपणा आला आहे. मावशींनी हातमोजे चार दिवस वापरले आणि ठेवून दिले. “ताट निसटतंय,” म्हणाल्या. मग आतून सुती आणि वरून रबरी असे दोन घालून पाहिले, ते थोडेफार चालतात. रात्री मलम लावायचं, हे त्यांच्या मुलीनं अंगावर घेतलं.

चमत्कार काही झाला नाही. आमचं एक घर, बाकीच्या चार घरी पावडरच होती. तीन महिन्यांनी भेगा भरल्या, लाल रेषा गेल्या. मग मावशींनी स्वतःहून एक बाटली समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींकडे नेली. पाचांत दोन घरं झाली. मधल्या काळात रेशन दुसऱ्या बोटावर, कधी मुलीच्या बोटावर आणलं. तीन खेपा तर रिकाम्याच गेल्या. अंगठा अजून यंत्राच्या मर्जीवर आहे. कधी घेतं, कधी नाही.

गेल्या आश्विनात मी टिपकागदाच्या नव्या पट्ट्या करायला बसलो होतो. मावशी पाकळ्या चुरडून देत होत्या. कागद सरकू नये म्हणून त्यांनी तो अंगठ्यानं दाबून धरला. अंगठा उचलला तेव्हा तिथे जास्वंदीच्या रसाचा जांभळा ठसा उठला होता. मी जुनी सवय म्हणून भिंग आणलं आणि कागद खिडकीशी धरला. मधला भाग अजून कोराच होता, पण कडेनं बारीक, फिक्या अशा सात-आठ रेघा वळण घेऊन उभ्या होत्या. मावशी वाकून पाहत होत्या. “हाय का मी?” त्यांनी विचारलं.

आहे, मी म्हणालो. पेन खिशातच होतं. ठशाखाली तारीख घातली, ‘माझ्यासमोर उठवला’ असं लिहिलं आणि सही केली.